एकोणिसावर थांबलेला काटा

तिसऱ्यांदा फळी सुटली ती थेट हार्लीच्या तोंडावर आली. दोन दात फळीने पाडले. तिसरा ॲटलीने पाडला.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे बिशपनेही तो असाच विचारून घेतला. मार्च महिना होता, सकाळचे साडेनऊ. हार्ली शेपरवर कपाटाच्या दाराची फळी कापत होता. शेपर म्हणजे टेबलाच्या मधून वर आलेलं पातं, जमिनीखालच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरणारं. फळी हाताने धरली तर बोटं जातात. म्हणून वर एक जाड पाटी असते, तिला दोन मुठी आणि खालच्या अंगाला कडेने रबराची पट्टी. पाटीखालची हवा ओढून घेतली की फळी तिला घट्ट चिकटते, आणि माणूस मुठी धरून फळी पात्यावरून नेतो. पकड ढिली पडली की मग फळी माणसाची राहत नाही, पात्याची होते.

फळीने हार्लीचा वरचा ओठ नाकापर्यंत फाडला. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांत रिकामी पाटी तशीच धरलेली. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाहून ॲटली धावत आला. लोव्हिना कॉफीची किटली घेऊन दारात उभी होती. ती ॲटलीची बायको आणि हार्लीची सख्खी बहीण. तिला वाटलं, नवरा भावाला उचलायला धावतोय.

"पुन्हा? पुन्हा रबर न पुसता लावलंस?" असं ओरडत ॲटलीने मूठ मारली. हार्ली आडवा झाला. ॲटलीने त्याला विजारीच्या खांदापट्ट्यांना धरून वर ओढलं आणि आणखी एक मारली. मग लोव्हिनाने गरम किटली नवऱ्याच्या पाठीवर फेकली, तेव्हा तो थांबला.

शेताच्या टोकाला फोनची टपरी आहे. लोव्हिनाने तिथून आमच्या दुकानात फोन केला. मोंटे व्हिस्टामध्ये आमचं पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान आहे. खोऱ्यातल्या बटाट्याच्या शेतांचे पंप आम्ही बघतो आणि जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या अमिश लोकांचे कॉम्प्रेसरही, कारण त्यांच्या कारखान्यांत वीज नसते, सगळं डिझेल आणि हवेवर चालतं. बाबा पंपाखाली आडवे पडलेले होते, म्हणून पिकअप मी काढली.

अलामोसाच्या इस्पितळात जाताना हार्ली शेजारी बसून आपल्या गवती हॅटमध्ये थुंकत होता. शब्द चघळल्यासारखे बाहेर येत होते.

"नोएलिया, दात कुठल्या कुठल्या बाजूचे गेले बघ ना."

"मी गाडी चालवतेय, हार्ली."

"फळीचे दोन सापडले. तिसरा सापडत नाही. तो ॲटलीकडेच राहिला असेल." तो हसायला गेला आणि रक्त समोरच्या काचेवर उडालं. "सांगतो तुला, फळी बरी. फळी एकदाच मारते."

ॲटली कून्सला मी तीन वर्षं ओळखत होते. सहा फूट तीन इंच, लाल दाढी, हाताचा पंजा फावड्याएवढा. तो ओहायोत वाढला. बाप आरा गिरणीवाला. तो पोरांना घोड्याच्या साजाच्या पट्ट्याने मारायचा, आणि ॲटलीच्या पाठीवर त्या पट्ट्याच्या बकलचे चार वळ अजून आहेत. एकोणिसाव्या वर्षी ॲटलीने एक बेल्जियन घोडा मारला. घोड्याने त्याचा पाय तुडवला होता. साजातला ओकचा दांडा हातात आला आणि घोडा पडेपर्यंत ॲटली मारतच राहिला. ही गोष्ट त्याने स्वतःच मला सांगितली, कॉम्प्रेसरचं तेल बदलता बदलता. "घोडा पडला तरी थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "दांडा मोडला म्हणून थांबलो."

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने शेजाऱ्याचा जबडा मोडला. त्यांच्या धर्ममंडळीत मारामारीला जागाच नाही. कुणी गालावर मारली तरी हात खाली ठेवायचा, हा त्यांच्यात धर्म. ॲटली सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला, चूक कबूल केली, आणि सहा आठवडे वाळीत गेला. वाळीत म्हणजे घरातच राहायचं, कामही करायचं, पण मंडळीतलं कुणीही त्याच्या टेबलावर जेवणार नाही, त्याच्या हातून काही घेणार नाही. त्याने वस्तू खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. बायकोनेसुद्धा.

"सहा आठवडे मी माझ्या नवऱ्याच्या हातून पाण्याचा पेला घेतला नाही," लोव्हिना एकदा म्हणाली होती. "बाळ झालं होतं तेव्हा. तो बाळ गादीवर ठेवायचा आणि मग मी उचलायची."

पुढे बरीच वर्षं त्याने हात खाली ठेवला, पण ज्या गावाला ती गोष्ट माहीत होती तिथे राहणं त्याला जड जात होतं. शेवटी ते इकडे आले, साडेसात हजार फूट उंचावरच्या आमच्या खोऱ्यात. जागा बदलली की राग मागे राहील असं त्याला वाटलं असावं. इथल्या बिशप मास्टने त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ओहायोचं पत्र मी वाचलंय. इथे हात उचललास तर सहा आठवड्यांवर भागणार नाही. मुदतच नसेल."

म्हणून हार्लीला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲटली आमच्या दुकानात आला. बग्गी बाहेर लावली आणि दारातूनच म्हणाला, "नोएलिया, तुझी मोजमापाची हत्यारं घे. मला त्या पाटीतली गळती शोधून हवी."

"हार्ली कसाय?"

"शिवलंय त्याला. जिवंत आहे." त्याने हॅट काढली. "पुढच्या रविवारी मंडळी बसणार. मी काय सांगू? मेहुण्याला उगाच मारलं? तो हयगय करतो म्हणून मारलं. तीनदा फळी सुटली. एकदा माझ्या मांडीत घुसली असती. ते तू हत्याराने दाखव. मग माझ्याकडे बोलायला काहीतरी असेल."

"आणि हयगय नसली तर?"

"काटा खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "पाटीच्या पकडीचा काटा ओहायोत पंचविसावर असायचा. इथे एकोणिसावर. हवा कुठेतरी जातेच आहे ना? ती पाटी हार्लीच्या ताब्यात आहे. दुसरा कोण?"

बाबा पंपाखालून म्हणाले, "जा पोरी. पण पिकअप रस्त्याकडे तोंड करून लाव, लगेच निघता येईल अशी."

कारखान्यात हार्लीही होता. तोंडावर पट्टी, डोळ्याखाली काळंनिळं. तो दोन हातांनी टाकाऊ लाकूड उचलून बाहेर टाकत होता आणि ॲटलीच्या जवळून जाताना खांदा किंचित वळवत होता, घोडा वळवतो तसा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी पाटीपासून सुरुवात केली. रबराची पट्टी काढली. तडा नाही, चपटी झालेली नाही, आतल्या खाचेत भुशाचा कण नाही. मी वीसेक कारखान्यांतली रबरं पाहिली आहेत. इतकं स्वच्छ रबर मी पाहिलं नव्हतं.

"पुसलेलं आहे," मी म्हणाले.

"मारल्यावर पुसलं असेल," ॲटली म्हणाला.

मग नळ्या. साबणाचं पाणी लावून उलट्या बाजूने हवा सोडली. एकही बुडबुडा नाही. मग ती छोटी पितळी तोटी, जिच्यातून दाबाची हवा जोराने जाते आणि जाता जाता पाटीतली हवा ओढून नेते. ती उघडली, आतली जाळी स्वच्छ. पाटी पूर्ण बाजूला काढून नळीचं तोंड माझ्या अंगठ्याने बंद केलं. आता गळायला जागाच नव्हती. काटा चढला, चढला आणि एकोणिसावर थांबला.

"बघितलंत?" मी म्हणाले. "पाटी नाही, रबर नाही, फळी नाही. फक्त माझा अंगठा. तरी एकोणीस."

"मग तोटी खराब."

"नवी तोटी आणलीय." मी बदलली. एकोणीस.

ॲटलीच्या मानेवरची शीर फुगायला लागली होती. मी माझी वही बाहेर काढली आणि थोडं लांब उभी राहिले.

"ॲटली, पाटी फळीला ओढत नसते. बाहेरची हवा फळीला पाटीवर दाबत असते. आतली हवा काढली की बाहेरची एकटी दाबते. ओहायोत तुमच्या डोक्यावर जेवढी हवा होती तेवढी इथे नाहीच. जवळजवळ पाव हिस्सा कमी. ती पंचविसावर नेणार कुठून? सगळी हवा काढली तरी इथे काटा तेविसाला टेकत नाही. एकोणीस म्हणजे तुमची तोटी जीव तोडून काम करतेय."

"हवा ती हवा," ॲटली म्हणाला.

दारातून लोव्हिना बोलली. ती केव्हा आली कळलं नव्हतं. "माझा घेवडा इथे चार तास शिजतो. ओहायोत दीड तास. तीन वर्षं तू मलाच विचारतोयस, घेवडा कच्चा का. तेव्हाही हवा ती हवाच म्हणालास."

ॲटलीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने बाजूच्या थप्पीतली एक फळी उचलली. आमच्या डोंगरातला भुंग्यांनी मारलेला पाईन, निळसर रेघांचा. सगळीकडे बारीक भोकं. "आणि ही? या भोकांतून हवा जात नाही? मी हजारदा सांगितलं, भोकं बुजव."

मी फळी उलटी केली. मागच्या अंगाला प्रत्येक भोकावर मेणाचा टिपका होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. दुसरी फळी उलटली, तिसरी उलटली. सगळ्यांवर मेण. हार्ली लाकडाचा भारा घेऊन तिथेच उभा होता. पट्टीखालून त्याने एवढंच म्हटलं, "मधमाश्यांचं आहे. चांगलं बसतं."

आता ॲटलीकडे बोलायला काही उरलं नव्हतं. तरी मला समाधान नव्हतं. एकोणिसावर फळी धरून राहते. तीन वर्षं राहिलीच होती. मग फेब्रुवारीपासून तीनदा सुटली कशी?

"फेब्रुवारीत काय बदललं?" मी विचारलं.

मग लोव्हिनाने हात वर करून कारखान्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. लाकडाच्या थप्प्यांच्या पलीकडे नवा मोठा सँडर होता, हवेवर चालणारा, दार अख्खं घासून काढणारा. तो ॲटली एकटा चालवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तिथून शेपर दिसत नाही आणि काटाही दिसत नाही.

मी नळी पाहत पाहत गेले. एकच. टाकीतून निघालेली एकच नळी, आधी सँडरला, मग पुढे पाटीला. आणि कॉम्प्रेसर ओहायोहून आणलेला, इथल्या पातळ हवेत पाऊण ताकदीने धापा टाकणारा. शेपर मात्र इंजिनाच्या शाफ्टवर. हवेचा दाब पडला तरी पात्याचा वेग तसूभर कमी होणार नाही.

मी परत आले. पाटीला फळी लावली आणि मुठी धरून हवेत उचलली. फळी खाली लटकत राहिली. काटा एकोणिसावर.

"ॲटली, तिकडे जाऊन सँडर चालू करा."

"कशाला?"

"करा ना."

तो गेला. थप्प्यांमागून सँडरची किंकाळी उठली. काटा सतरा. चौदा. अकरा. फळी माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर धाडकन आपटली. हार्लीने दोन्ही हात तोंडावर नेले. तो आवाज त्याने तीनदा ऐकला होता.

ॲटली येऊन फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाटी मला दे. तू जा तिकडे."

मी गेले, सँडर चालू केला आणि थप्प्यांच्या फटीतून पाहिलं. तो मुठी धरून काट्याच्या अगदी समोर उभा होता. फळी त्याच्या पायाच्या पंजावर पडली. तो हललासुद्धा नाही. मी सँडर बंद केला.

"तू बोलला का नाहीस?" तो हार्लीला विचारत होता. आवाज हळू होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. "माझा सँडर सुरू झाला की काटा पडतो, हे मला सांगितलं का नाहीस?"

"मला कुठे माहीत?" हार्ली म्हणाला. "पातं फिरत असताना काट्याकडे कोण बघतं? मी पात्याकडे बघत होतो."

"म्हणजे तिन्ही वेळा मी."

हार्लीने पडलेली फळी उचलून बाकाला टेकवली.

"तुझं तोंड मी फाडलं. आणि मग वरून..." ॲटलीने आपली उजवी मूठ वर धरली आणि तिच्याकडे पाहिलं. पाळलेला कुत्रा चावल्यावर माणूस त्याच्याकडे बघतो तसं. मग तो शेपरकडे वळला आणि पट्ट्याचा दांडा ओढला. पातं फिरायला लागलं. हाताने पाप केलं तर तो तोडून टाक असं बायबलमध्ये आहे, ते मला तेव्हा आठवलं नाही, नंतर आठवलं. त्याला बहुतेक आठवत होतं. त्याने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात टेबलावर ठेवून पात्याकडे न्यायला लागला, फळी नेतात तसा, घाई न करता.

लोव्हिना किंचाळली. मी थप्प्यांच्या पलीकडे होते, साठ फूट लांब. हार्ली जवळ होता. त्याने बाकावरची लाकडी मोगरी उचलली आणि ॲटलीच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला पात्याच्या आवाजातूनही ऐकू आला. हात बाजूला उडाला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची पेरं पात्याने नेली, आणि टेबलावर रक्ताची एक वळणदार रेघ उमटली.

हात वाचला होता. पण हार्लीने पुन्हा मोगरी उचलली आणि ॲटलीच्या खांद्यावर मारली. ॲटली गुडघ्यांवर आला. हार्लीने तिसऱ्यांदा मारली, पाठीत, जिथे ते बकलचे वळ आहेत तिथे. ॲटलीने हात वर केला नाही. डावा हात धड होता, तोही नाही. हार्ली रडत होता, पट्टी सुटून लोंबत होती आणि ओठाचे टाके फुटले होते. मी धावत जाऊन दांडा उलटा टाकला, पातं थांबवलं, आणि मोगरीला लोंबकळले.

"सोड," मी म्हणाले. "हार्ली, सोड. झालं."

"अजून झालं नाही," तो म्हणाला. पण सोडली.

अलामोसाला जाताना या वेळी दोघं होते. लोव्हिना मागच्या सीटवर पक्ष्यासारखी आकसून, मांडीवर नवऱ्याचा हात, टॉवेलात गुंडाळलेला.

रविवारच्या मंडळीत बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. तिथे काय झालं ते लोव्हिनाने मला सोमवारी कपडे वाळत घालताना सांगितलं. ॲटली गुडघ्यांवर बसला आणि बिशपने विचारलं तसं सगळं क्रमाने बोलला. हयगय हा शब्द त्याने घेतला नाही. दात माझ्या सँडरने पाडले आणि उरलेला माझ्या मुठीने, एवढंच म्हणाला. बिशप मास्टने मुदत नसलेली वाळी पुढे ठेवली. मंडळी मान डोलावणार, तेवढ्यात हार्ली उठला आणि ॲटलीच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसला.

बिशप म्हणाला, "तू उठ. तू त्याचा हात वाचवलास. त्यात चूक नाही."

"पहिला घाव हात वाचवायला होता," हार्ली म्हणाला. "दुसरा नव्हता. तिसरा तर मला आवडला."

बिशपने विचारलं, "रागाने मारलंस?"

"रागाने. त्याच्याइतक्याच. त्याने दोन मारल्या, मी तीन. त्याला जे द्याल ते मला द्या. त्याला मुदत नसेल तर मलाही नको."

बिशप पेचात पडला. हार्लीची ही पहिलीच चूक. पहिल्या चुकीला सहा आठवड्यांपेक्षा जास्त कुणी कुणाला दिलेले नाहीत. आणि एकाच कारखान्यातल्या एकाच गुन्ह्याला दोन मापं लावायची तर मंडळीला समजावणार कसं? शेवटी तो म्हणाला, "हार्ली, तू भोळा आहेस की लबाड, ते देवच ठरवेल. दोघांनाही सहा आठवडे." बायकांच्या बाकावरून मत विचारलं तेव्हा लोव्हिनाने दोघांच्याही विरुद्ध मत दिलं. "त्यांनी मारलं," ती चिमटे लावत मला म्हणाली. "मी काय डोळे मिटून घेऊ?"

त्या आठवड्यात मी पाटीसाठी वेगळी टाकी बसवली, नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप घातली, म्हणजे सँडरने कितीही हवा ओढली तरी पाटीची पकड तशीच राहावी. पाटी मोठी केली, दीडपट. काटा पंधराच्या खाली आला तर शेपरचा पट्टा आपोआप सुटेल असा खटका लावला. काटा एकोणिसावरच राहिला. त्याच्यावर ॲटलीने डाव्या हाताने खडूने एक रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'इथे एवढाच.'

चौथ्या आठवड्यात खटका तपासायला गेले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. लोव्हिनाने दोन टेबलं मांडली होती. एक तिचं, दुसरं त्या दोघांचं, मध्ये हातभर फट. तिने उकडलेल्या बटाट्यांचं भांडं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मागे सरली. मला म्हणाली, "तू कुठेही बस. तुला कुणी बांधलेलं नाही."

मी तिच्याजवळ बसले. ॲटलीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, बाहेर तीनच बोटं पूर्ण. त्याने डाव्या हाताने बटाट्याचं भांडं उचललं आणि खाली न ठेवता हार्लीपुढे धरलं. हार्लीने त्याच्या हातातून ते घेतलं. अख्ख्या मंडळीत त्या सहा आठवड्यांत ॲटलीच्या हातून काही घेऊ शकेल असा तो एकटाच माणूस होता, आणि लोव्हिना आपल्या टेबलावरून ते भांडं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बघत होती. तिचा घास तोंडाशीच राहिला होता.

"मीठ दे," हार्ली म्हणाला. दात नसलेल्या जागेतून शीळ वाजली.

ॲटलीने दिलं. मग प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवत म्हणाला, "तिसरा फार जोरात होता रे."

"माहितीये," हार्ली म्हणाला आणि बटाटा कुस्करायला लागला. "चौथा अजून राहिलाय. जेव."